एडिटिंग शिकायचंय? मग पहिला महिना फक्त आवाज

मला आलेला प्रश्न असा आहे की मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा आणि दोन्ही जोडून माणसांच्या छोट्या मुलाखती करायच्या, हाताशी साधा 8 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. मग सॉफ्टवेअर कुठलं वापरू, आधी ऑडिओ शिकू की व्हिडिओ, दहा मिनिटं झाली की ओठ आणि आवाज वेगळे का पडतात, आणि कोर्स लावावा का. सॉफ्टवेअरचं उत्तर सगळेच आधी देतात, मी ते नंतर देणारे, कारण शिकणाऱ्याचं पुढचं सगळं दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

आधी ऑडिओ शिका. आणि महिनाभर तरी फक्त ऑडिओच शिका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवातीला चित्राला हातच लावू देत नाही, ते थोडे वैतागतात पण नंतर त्यांचं त्यांनाच कळतं का ते. बघणारा माणूस जरा हललेलं, जरा अंधारं चित्र चालवून घेतो, पण समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकू येईना झालं की तो बंद करून टाकतो. शिवाय मुलाखतीत कट कुठे मारायचा हे कानच ठरवतात, वाक्य कुठे संपलं, श्वास कुठे घेतला, गप्प बसणं कुठे बोलकं आहे हे सगळं आवाजात असतं. आणि तिसरं म्हणजे तुमचा लॅपटॉप. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट (हे आकडे काय ते पुढे सांगते), स्टिरिओ वेव्ह फाईल, म्हणजे अजिबात न दाबलेला आवाज, मिनिटाला जेमतेम 17 एमबी घेते. फुल एचडी व्हिडिओ अजिबात कॉम्प्रेस न करता सेकंदाला 25 फ्रेम्सने (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) ठेवायचा म्हटलं तर एका सेकंदालाच 155 एमबी लागतात, म्हणून व्हिडिओ कायम दाबूनच साठवतात आणि तो उलगडताना मशीनला घाम फुटतो. आवाजावर काम करताना मशीन आड येत नाही, पूर्ण लक्ष ऐकण्यावर राहतं.

आता आकडे, पण कामापुरतेच. आवाज डिजिटल करताना सेकंदाला ठरावीक वेळा त्याचं माप घेतात, तो सॅम्पल रेट. जी सर्वात वरची फ्रिक्वेन्सी पकडायचीय तिच्या दुपटीपेक्षा जास्त मापं घ्यावी लागतात, माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीसाठी 44.1 किलोहर्ट्झ ठरलं आणि व्हिडिओच्या कामात 48 रूढ झालं. तुम्ही रेकॉर्डरवर 48 लावा आणि विसरून जा. चुकून 44.1 ची फाईल 48 समजून वाजली तर दहा मिनिटांचं बोलणं नऊ मिनिटं अकरा सेकंदांत उरकतं आणि माणूस चिरक्या आवाजात बोलायला लागतो, असं कधी ऐकू आलं तर लगेच ओळखता येईल काय झालंय ते. बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक माप किती बारकाईने लिहायचं, एका बिटला साधारण 6 डेसिबल धरतात, त्या हिशोबाने 16 बिटला 96 आणि 24 बिटला 144 डेसिबलचा वाव मिळतो. 24 लावायचं कारण एवढंच की मग लेव्हल खाली ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं.

लेव्हल खाली म्हणजे किती? डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे, त्याच्यावर काहीच नाही. बोलण्याचे सगळ्यात मोठे उंचवटे उणे 12 च्या आसपास राहू द्या, एखादा हसला किंवा चिडला तर उणे 6 पर्यंत जाईल, काही बिघडत नाही. पण शून्याला धडकला की लाटेचं टोक कापलं जातं, ती करकर नंतर पूर्णपणे काढता येत नाही. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं नीट शिवता येत नाही.

आणि माइक जवळ घ्या. या एका गोष्टीसाठी मी कितीही वेळा भांडायला तयार आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने पडतो, पण खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर होती तिथेच राहते, म्हणजे माणूस मागे जातो आणि खोली पुढे येते. दोन हातांवरचा महागडा माइक आणि छातीवर लावलेला साधा कॉलर माइक यात बोलण्यासाठी दुसरा जिंकतो. घुमारा काढणारी टूल्स हल्ली बरी झालीत पण त्यातून आलेल्या आवाजात माणूस थोडा प्लास्टिकचा वाटतो, मला तो सहन होत नाही. अजून एक सवय लावून घ्या, मुलाखत संपली की कुणीही न हलता अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. कट केलेल्या जागी पोकळी ऐकू येते ती भरायला हा तुकडा लागतो, दुसऱ्या खोलीचा चालत नाही.

आता खरं एडिटिंग. समजा रेकॉर्डिंगमध्ये माणूस असं बोललाय: "तेव्हा काय झालं ना, म्हणजे, आम्ही सगळे, सगळेच जण, काय म्हणतात त्याला, घाबरलो होतो पण कुणी बोललं नाही." आणि तुम्हाला हवंय: "तेव्हा आम्ही सगळेच जण घाबरलो होतो पण कुणी बोललं नाही." तीन जोड आहेत आणि तिन्ही वेगळ्या जातीचे आहेत.

सगळ्यात सोपा मधला. "सगळे, सगळेच" मध्ये दोन स आहेत. पहिल्या स च्या मधोमध कापा, दुसऱ्या स च्या मधोमध कापा आणि जोडा, म्हणजे "आम्ही स" इथलं आणि "गळेच जण" तिथलं. स आणि श हे नुसते हवेचे सुसकारे, त्यात सूर नसतो, म्हणून जोड कानाला सापडतच नाही. शिवाय "आम्ही" वरून स वर जिभेने घेतलेली वळणाची जागा खरी राहते, त्याने वाक्य ओघातलं वाटतं. तिसरा जोड "जण" आणि "घाबरलो" चा. घ उच्चारताना जीभ मागे टाळूला टेकते आणि क्षणभर आवाज दबतो, लाटेच्या चित्रात तिथे छोटी दरी दिसते, त्या दरीत कापायचं. क, प, त, ट असेल तर ती दरी जवळजवळ शांत असते, एडिटरला याहून चांगली जागा नाही. पण ख, थ, फ आले की सांभाळा, त्यांच्या मागे श्वासाचं शेपूट असतं, ते कापलं तर "सुख" चं "सुक" होतं.

अवघड पहिला आहे. "तेव्हा" आ वर संपतो आणि "आम्ही" आ ने सुरू होतो. दोन स्वर थेट चिकटवले की दोन्हींचा सूर वेगळा असल्यामुळे ठेच लागते, तिथे कितीही लांब क्रॉसफेड (एक तुकडा हळूहळू कमी आणि दुसरा हळूहळू मोठा करत मिसळणं) मारला तरी. मग काय करायचं, तर "म्हणजे" नंतर तो थांबलाय, श्वास घेतलाय, तो श्वास "आम्ही" बरोबर आणायचा. म्हणजे "तेव्हा", छोटा श्वास, "आम्ही". आता सूर बदलला तरी कान म्हणतो की माणसाने श्वास घेऊन नव्याने सुरुवात केली. नवीन लोक सगळे श्वास उडवतात आणि मग बोलणारा श्वासच घेत नाही, ऐकणाऱ्यालाच गुदमरायला होतं. श्वास हा कचरा समजू नका, जोडायला तोच कामाला येतो. प्रत्येक जोडावर पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यायचा, नाहीतर लाट मधेच तुटून टक् असा आवाज येतो.

जोड ऐकताना डोळे मिटा. स्क्रीनवर कट कुठे आहे ते दिसत असेल तर तिथे काहीतरी खटकल्यासारखं वाटतंच. आणि जोडाच्या पाच-सात सेकंद आधीपासून ऐका, नुसता जोड ऐकून काही कळत नाही. सूर खाली जाऊन वाक्य संपल्यासारखं झालं आणि पुढे मधलाच तुकडा चिकटवला तर शब्द बरोबर असूनही ते खोटं वाटतं, याला इलाज एकच, दुसरी जागा शोधायची.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. वरच्या वाक्यातून "पण कुणी बोललं नाही" काढलं तरी व्याकरण टिकतं, पण माणसाला जे सांगायचं होतं तेच गेलं. अडखळणं काढा, पाल्हाळ काढा, पण त्याच्यासमोर बसून हे एडिट वाजवताना तुमची मान खाली जाणार नाही एवढंच कापा.

साफसफाईचा क्रम मी असा ठेवते. आधी साधारण 80 हर्ट्झला हायपास, म्हणजे त्याच्या खालचं कापणारा फिल्टर, त्याने टेबलाचे धक्के आणि खालची घरघर जाते, अगदी जाडसर आवाज असेल तर थोडं खाली घ्या. मग नॉइज रिडक्शन, आणि ते कमीत कमी. थोडा आवाज मागे राहिला तरी चालतो, जास्त ओढलं की शब्दांच्या शेवटी पाण्याखालचे बुडबुडे ऐकू येतात. मग 200 ते 400 हर्ट्झमध्ये फुगवटा असेल तर किंचित कमी, स टोचत असेल तर 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर, म्हणजे फक्त टोचणारे स दाबणारा इफेक्ट. मग 3:1 च्या आसपास हलका कॉम्प्रेसर, म्हणजे पुटपुटलेलं आणि जोरात बोललेलं जवळ येतं. सगळ्यात शेवटी लाउडनेस. लाउडनेस आणि पीक, म्हणजे लाटेचं सगळ्यात उंच टोक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं बसवा, दोन फायलींचे पीक अगदी सारखे असूनही एक दुप्पट मोठी वाटू शकते. म्हणून कानाला किती मोठं वाटतं ते मोजणारं एलयूएफएस हे माप आलं, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने 2010 मध्ये आर 128 शिफारस काढून टीव्ही-रेडिओसाठी उणे 23 ठरवलं. ऑनलाइन बोलण्यासाठी ते फार हळू पडतं, अॅपल पॉडकास्ट उणे 16 च्या आसपास मागतं आणि ट्रू पीक उणे 1 च्या वर नको म्हणतं, तुम्हीही तेच धरा.

आता तुमचा दहा मिनिटांनी सरकणारा आवाज. दोन वेगळ्या मशीनची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत, हे खरंय, पण त्यामुळे तासाभरात पाच-दहा फ्रेम्सचा फरक पडेल, दहा मिनिटांत लक्षात येण्याइतका सहसा नाही. तुमच्या बाबतीत माझा संशय मोबाईलवर आहे. मोबाईल 30 फ्रेम्स म्हणतो पण प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की मधेच कमी फ्रेम्स काढतो, याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर फ्रेम्स एकसमान आहेत असं गृहीत धरून टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने लावायची पट्टी, मांडतात. मीडियाइन्फो नावाचं फुकट टूल आहे, त्यात फाईल टाकली की फ्रेम रेट मोड व्हेरिएबल की कॉन्स्टंट ते दिसतं. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलून देणाऱ्या टूलमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून नवीन फाईल काढा आणि एडिट तिच्यावर करा. दुसरी शक्यता म्हणजे 29.97 आणि 30 ची गल्लत. फरक हजारात एक एवढाच, पण दहा मिनिटांत 0.6 सेकंद होतात, आणि तेवढ्यात ओठ केव्हाच निघून गेलेले असतात.

बघणाऱ्याला किती फरक कळतो? इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियनच्या बीटी.1359 शिफारशीत आवाज 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की लक्षात येतं असं दिलंय. दोन आकडे एवढे वेगळे का, तर रोजच्या जगण्यात आवाज कायम प्रकाशाच्या मागूनच येतो, उशिराची आपल्याला सवय आहे, आधी आलेला आवाज मात्र लगेच खुपतो. म्हणून सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, बसवताना शंका असेल तर आवाज एक फ्रेम मागे ठेवा, पुढे नको. आणि शूटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, शेवटी अजून एक. सुरुवातीची टाळी जुळवली की शेवटच्या टाळीत किती फरक पडला ते सरळ दिसतं. व्हिडिओत दोन टाळ्यांमध्ये 600 सेकंद आणि ऑडिओत 600.6 भरत असतील तर ऑडिओ 0.1 टक्का वेगवान करायचा, संपलं. एवढ्या फरकाने माणसाचा आवाज बदललेला कुणाला कळत नाही.

व्हिडिओकडे आलोच आहोत तर एक गोंधळ मिटवून टाकू. एमपी4, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबलंय तो कोडेक, एच.264 किंवा एच.265 किंवा प्रोरेस. त्यामुळे "एमपी4 चालत नाही" या तक्रारीला अर्थ नसतो, आत काय आहे ते बघावं लागतं. एच.264 आणि 265 मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली नसते, मधून मधून एखादी पूर्ण फ्रेम आणि बाकीच्यांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच. बघायला ही पद्धत झकास, कापायला त्रासदायक, कारण तुम्ही मधल्या फ्रेमवर गेलात की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशोब करत यावं लागतं. टाइमलाइन अडखळते ती यामुळे, आणि लगेच नवीन लॅपटॉप घ्यायची गरज नसते. प्रॉक्सी करा, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची छोटी हलकी प्रत काढतं, तुम्ही तिच्यावर कापाकापी करता आणि फायनल काढताना ते आपोआप मूळ फाईल वापरतं. 8 जीबी रॅमवर प्रॉक्सीशिवाय 4के एडिट करायला जाऊ नका, मन उडून जाईल.

चित्राच्या कटबद्दल थोडंच सांगते, कारण आवाजाचं काम नीट झालं असेल तर अर्धं उत्तर आलेलं असतं. वर आपण वाक्यात तीन जोड मारले, आवाज गुळगुळीत झाला, पण चित्रात माणसाचं डोकं तीनदा उडी मारणार. तिथे त्याच्या हातांचं, खोलीचं, तो ज्याबद्दल बोलतोय त्या वस्तूचं दृश्य ठेवायचं, म्हणून शूटिंगच्या वेळीच असे दहा-पंधरा शॉट काढून ठेवा आणि प्रत्येक शॉट दहा सेकंद तरी न हलता धरा. दुसरी गोष्ट, चित्र आणि आवाज एकाच क्षणी कापायची सवय मोडा. पुढच्या माणसाचा आवाज आधी सुरू झाला आणि मग त्याचा चेहरा आला तर तो जे-कट, चित्र बदललं पण आधीच्याचा आवाज चालू राहिला तर एल-कट. प्रश्न विचारणाऱ्याचे शेवटचे शब्द ऐकू येत असताना उत्तर देणाऱ्याचा चेहरा दाखवून बघा, तो ऐकतोय, काहीतरी आठवतोय, आणि मग बोलतो. सरळ कटमध्ये हे आठवणं हातातून निसटतं. ट्रान्झिशनच्या फोल्डरमधलं फिरणारं, चकाकणारं काहीही मुलाखतीत लावू नका.

सॉफ्टवेअर. आवाजासाठी ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे, हलकं आहे, आणि 3.2 पासून इफेक्ट वाजता वाजता बदलता येतात त्यामुळे जुनी मोठी अडचण गेली. व्हिडिओसाठी तुमच्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाईव्ह, दोन्ही फुकट, दोन्हीत प्रॉक्सी आहे, आणि शॉटकट तर व्हेरिएबल फ्रेम रेटची फाईल दिसली की बदलून देऊ का असं स्वतःहून विचारतं. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती या सगळ्यांपेक्षा खूप ताकदीची आहे, रंगांचं काम शिकायचं तर तीच, पण 8 जीबीवर ती रडवेल, रॅम 16 झाली की वळा. जे घ्याल त्यात माउस सोडायला शिका, जे, के, एल ने मागे-थांब-पुढे आणि आय, ओ ने सुरुवात-शेवट खुणा करणं बहुतेक एडिटरमध्ये सारखंच असतं.

कोर्स आत्ता नको. त्याऐवजी ओळखीच्या एखाद्या माणसाशी पंधरा मिनिटं बोला, रेकॉर्ड करा आणि त्याचं तीन मिनिटांचं एडिट करा, फक्त आवाज. दोन दिवस ठेवून द्या, परत ऐका, जिथे जिथे कान अडकला तिथे वेळ लिहून ठेवा आणि तेवढंच दुरुस्त करा. मग त्याच पंधरा मिनिटांतून दुसरं, वेगळं तीन मिनिटांचं एडिट करा, ज्यात दुसऱ्याच गोष्टीवर भर आहे. नवीन रेकॉर्डिंग घ्यायचा मोह होईल, पण त्याच मालातून दुसरं काहीतरी उभं करताना निवड म्हणजे काय ते कळतं, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये सांगून येत नाही. हे जमलं आणि पुढे रंग किंवा मिक्सिंग यातलं एक काहीतरी खोलात शिकावंसं वाटलं तर तेवढ्याच विषयाचा कोर्स लावा.

फायलींचं राहिलं. प्रोजेक्ट फाईलमध्ये व्हिडिओ नसतो, कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत याची नुसती यादी असते, त्यामुळे फोल्डर हलवला की सगळं लाल होऊन मीडिया सापडत नाही म्हणतं. कामाआधीच एक फोल्डर करा, त्यात मूळ व्हिडिओ, मूळ ऑडिओ, प्रोजेक्ट आणि एक्सपोर्ट असे चार कप्पे, आणि मूळ फायलींना कधीच हात लावू नका. मधल्या टप्प्यात आवाज एमपी3 मध्ये सेव्ह करू नका, दर वेळी थोडा थोडा झिजतो, शेवटपर्यंत वेव्ह ठेवा. एक्सपोर्ट एच.264 मध्ये, ज्या फ्रेम रेटने शूट केलंय त्याच रेटने, फुल एचडीला सेकंदाला 16 मेगाबिट पुरेसं होतं, दहा मिनिटांची फाईल साधारण 1.2 जीबी येते. ती फाईल एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, टाइमलाइनवर नाही, एक्सपोर्ट झालेली फाईलच, आणि एकदा मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. तिथे शब्द कळत नसतील तर बहुतेक वेळा पार्श्वसंगीत जास्त झालेलं असतं, ते 3 डेसिबल खाली घ्या आणि पुन्हा काढा. मग मूळ फायली आणि प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर टाका आणि एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर ठेवा, त्याआधी मोबाईल रिकामा करू नका.